संगणक जागा होतो, पण मोठा मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवून परत झोपतो (डिस्प्लेपोर्ट, विंडोज ११)

रेखाटन

नमस्कार मंडळी. पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठं करते, त्यामुळे दिवसभर दोन पडदे लागतात. डेस्कटॉप आहे, विंडोज ११, वेगळं ग्राफिक्स कार्ड. कार्डाला २७ इंची मॉनिटर डिस्प्लेपोर्टने जोडलाय (२५६०×१४४०, ७५ हर्ट्झ) आणि बाजूला जुना २२ इंची फुल एचडी मॉनिटर एचडीएमआयने.

अडचण अशी. संगणक झोपेतून उठवला की लहान मॉनिटर लगेच उजळतो. मोठ्याचा दिवा क्षणभर रंग बदलतो, 'नो सिग्नल' अशी पाटी येते आणि तो परत झोपतो. तोवर मोठ्या पडद्यावर उघडी असलेली सगळी कामं लहान पडद्यावर जाऊन दाटीवाटीने बसलेली असतात. मॉनिटरचं बटण दाबून बंद-चालू केलं तर कधी उपयोग होतो, कधी नाही. भिंतीतला प्लग काढून परत लावला की मात्र नक्की उठतो. संगणक रीस्टार्ट केला तरी कधीकधी मोठा पडदा काळाच राहतो.

ड्रायव्हर नवीन टाकून झालाय. केबल मॉनिटरसोबत आलेली नाही, तीन मीटरची वेगळी घेतलेली आहे, कारण टेबल भिंतीपासून लांब आहे. मॉनिटर वॉरंटीत आहे, पण दुकानदार म्हणतो की त्याच्याकडे लावून बघितला तर व्यवस्थित चालतो. नेमकं कुठून तपासायला सुरुवात करू?

तारजोड

ताई, लहान मॉनिटर लगेच उठतो, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची माहिती. संगणक जागा झालाय, कार्ड जागं झालंय, ड्रायव्हर चित्र पाठवतोय. तेव्हा रॅम, पॉवर सप्लाय, बायॉस यांच्या मागे आत्ता लागू नका. दोष कार्डाच्या डिस्प्लेपोर्टपासून मॉनिटरच्या आतल्या बोर्डापर्यंत, त्या तीन मीटरमध्ये कुठेतरी आहे.

दोन मॉनिटर वेगळे का वागतात ते समजलं की पुढचं तपासणं सोपं जातं. मॉनिटर जोडलेला आहे की नाही हे संगणकाला एका स्वतंत्र तारेवरून कळतं. तिला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. एचडीएमआयमध्ये ती १९ क्रमांकाची पिन, डिस्प्लेपोर्टमध्ये १८ क्रमांकाची. एचडीएमआयमध्ये संगणक स्वतः १८ क्रमांकाच्या पिनवरून ५ व्होल्ट देतो आणि बऱ्याच मॉनिटरांत तेच ५ व्होल्ट एका रोधातून १९ वर परत येतात. म्हणजे मॉनिटर गाढ झोपला, अगदी त्याचा प्लग काढला, तरी संगणकाला तो 'आहे' असंच दिसतं. मॉनिटरची ओळखपत्रिका, म्हणजे ईडीआयडी, हीसुद्धा त्याच ५ व्होल्टवर वाचता येते.

डिस्प्लेपोर्टमध्ये तसं नाही. तिथे १८ क्रमांकाची तार मॉनिटरचा स्वतःचा बोर्ड वर धरून ठेवतो. चित्र बंद करताना संगणक ऑक्स वाहिनीवरून (केबलमधली निरोपांची वेगळी वाट) मॉनिटरला 'कमी विजेवर जा' असा निरोप पाठवतो. डिस्प्लेपोर्टच्या ठरलेल्या नियमांप्रमाणे मॉनिटरने झोपेतही १८ ची तार वर ठेवायची आणि ऑक्सवर लक्ष ठेवायचं असतं. पण वीज वाचवायला काही मॉनिटर त्याच्या पुढे जाऊन बोर्डाचा तोही भाग बंद करतात आणि तार खाली येते. ती २ मिलिसेकंदांहून जास्त खाली राहिली की विंडोजच्या लेखी मॉनिटर काढून टाकलेला असतो. तुमची कामं लहान पडद्यावर का जातात, त्याचं उत्तर हेच.

उठताना सगळी ओळख नव्याने करून घ्यावी लागते. तार वर यायची, ईडीआयडी वाचायची, मग कार्ड आणि मॉनिटर यांनी किती वाहिन्या आणि किती वेग हे आपसात ठरवायचं. या शेवटच्या भागाला लिंक ट्रेनिंग म्हणतात. मॉनिटरला जाग यायला उशीर झाला किंवा केबलवर सिग्नल मळका आला, तर ट्रेनिंग फसतं. मॉनिटर थोडा वेळ वाट बघतो, सिग्नल नाही म्हणतो आणि परत झोपतो. त्यानंतर दोघांपैकी कुणीच पुन्हा हाक मारत नाही.

आता तीन गोष्टी बघा आणि इथे लिहा.

एक, पडदा काळा असताना मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेनू उघडतो का? उघडला तर बोर्ड जागा आहे, फक्त सिग्नल पोचत नाही. बटणं दाबूनही काहीच होत नसेल तर मॉनिटरच्या आतली प्रणालीच अडकलीय, आणि प्लग काढल्याशिवाय ती सुटणार नाही.

दोन, झोप न घेता फक्त पडदा बंद करून बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, पॉवर इथे जाऊन पडदा १ मिनिटाने बंद आणि स्लीप 'नेव्हर' असं ठेवा. पडदा बंद झाल्यावर लगेच माउस हलवून बघा. मग पुन्हा बंद होऊ द्या, २० मिनिटं हात लावू नका आणि मग हलवा. लगेच उठतो पण २० मिनिटांनी उठत नाही, असं निघालं तर विंडोजच्या स्लीपचा संबंधच नाही, मॉनिटर गाढ झोपेत जातोय हे पक्कं.

तीन, केबलींची अदलाबदल. मोठा मॉनिटर त्या एचडीएमआय केबलवर ६० हर्ट्झला लावून एक रात्र ठेवा. २५६०×१४४० ला ६० हर्ट्झ एचडीएमआय १.४ वरही आरामात जातं. त्यावर तो रोज सकाळी उठला तर मॉनिटरचा पॅनेल, पॉवर बोर्ड ठीक आहेत आणि भानगड फक्त डिस्प्लेपोर्टच्या वाटेवर आहे.

खिडकीवाला

हे सगळं तपासेपर्यंत काम अडू नये म्हणून: पडदा काळा राहिला की विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. एक बीप येते, पडदा लुकलुकतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडी कामं बंद होत नाहीत. लिंक ट्रेनिंग फसलं असेल तर याने बहुतेक वेळा दुसरी संधी मिळते. त्याने नाही झालं तर विंडोज आणि पी दाबून एकदा 'पीसी स्क्रीन ओन्ली' आणि मग परत 'एक्स्टेंड' करा.

शिवाय सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' हा पर्याय चालू ठेवा. मोठा मॉनिटर उशिरा उठला तरी खिडक्या आपल्या जागी परत जातात. हा आजारावर उपाय नव्हे, पण मांडणीचं काम करणाऱ्याचा रोजचा ताप वाचतो.

सह्याद्री_पूर्व

तारजोड यांनी कारण सांगितलं, मी मॉनिटरच्या मेनूचं सांगतो. कारण निम्म्याहून जास्त प्रकरणं तिथेच मिटतात आणि लोक मात्र ड्रायव्हर पुसत बसतात.

आधी मॉनिटरचा प्लग काढा, डिस्प्लेपोर्टची केबलही मॉनिटरकडून काढा. दोन्ही काढलेल्या स्थितीत मॉनिटरचं पॉवर बटण १५ ते २० सेकंद दाबून धरा आणि एक मिनिट थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाते आणि बोर्ड खरोखर शून्यापासून सुरू होतो. पुढच्या बटणाने बंद करणं हे बंद करणं नसतंच, बोर्ड अर्धवट जागाच असतो. तुमच्याकडे बटणाने कधी चालतं, कधी नाही, आणि प्लगने नेहमी चालतं, त्याचं कारण हे.

मग मेनूत पुढच्या गोष्टी शोधा. नावं कंपनीगणिक बदलतात, म्हणून मराठीत नीट सांगतो.

'डीप स्लीप' किंवा 'पॉवर सेव्हिंग' अशा नावाचा पर्याय. काही मॉनिटरांत तो डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआयसाठी वेगवेगळा असतो. बंद करा. सिस्टिम, जनरल, सेटअप, इको यांपैकी कुठल्याही पानावर लपलेला असू शकतो, म्हणून सगळी पानं बघा.

'ऑटो इनपुट', 'ऑटो सोर्स', 'ऑटो सिलेक्ट'. हाही बंद करा आणि इनपुट हाताने डिस्प्लेपोर्टवर पक्का करा. चालू असेल तर मॉनिटर जागा झाल्यावर एचडीएमआय १, एचडीएमआय २, डिस्प्लेपोर्ट असा प्रत्येक दारावर थांबून बघत जातो. कार्ड ट्रेनिंग करायला बघतं तेव्हा मॉनिटर दुसऱ्याच दारावर उभा असतो. त्याची फेरी पुरी होईतो कार्डाने नाद सोडलेला असतो. हा एक पर्याय बदलून कित्येक मॉनिटर सुधारतात.

'डिस्प्लेपोर्ट व्हर्जन' हा पर्याय असेल तर तपासासाठी १.४ वरून १.२ किंवा सरळ १.१ करा. घाबरू नका, तुमचं रिझोल्यूशन कमी होणार नाही. २५६०×१४४० ला ७५ हर्ट्झवर, रंगाला ८ बिट धरून, सेकंदाला साधारण ७.३ गिगाबिट लागतात. डिस्प्लेपोर्ट १.१ प्रत्यक्ष चित्रासाठी ८.६४ देतो, १.२ देतो १७.२८, १.४ देतो २५.९२. वेग कमी केला की ट्रेनिंग सोपं होतं. १.१ वर मॉनिटर बिनचूक उठू लागला तर केबलवर संशय घ्यायला पक्कं कारण मिळालं. १४४ हर्ट्झवाल्यांनी मात्र १.१ वर जाऊ नये, त्यांना १.२ तरी लागतोच.

'एमएसटी' किंवा 'डेझी चेन' असेल आणि एका मॉनिटरमागे दुसरा जोडलेला नसेल तर बंद. एमएसटीमध्ये मॉनिटर एका हबसारखा वागतो आणि जाग येताना एक पायरी वाढते.

बदल एकेक करा. सगळे एकदम केले की कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि फॅक्टरी रीसेट केल्यावर सगळं परत येतं.

रेखाटन

इतकं नीट लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तपासून सांगते.

पडदा काळा असताना मेनू उघडतो, पण 'नो सिग्नल' दाखवून झोपल्यानंतर बटणांना प्रतिसाद देत नाही. फक्त पडदा बंद करून लगेच माउस हलवला तर उठला. २० मिनिटं थांबून हलवला तर नाही उठला. एचडीएमआयवर ६० हर्ट्झला रात्रभर ठेवला, सकाळी व्यवस्थित उठला.

मेनूत 'डीप स्लीप' सापडला, तो बंद केला. ऑटो इनपुटही बंद केलं. त्यानंतर दिवसातल्या छोट्या विश्रांतीतून मॉनिटर नीट उठतोय. पण रात्रभर झोपवला तर सकाळी अजूनही अडचण आहे, आणि रीस्टार्टनंतर काळा पडदा येणं थांबलेलं नाही.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. रात्री झोपताना घरातले टेबलाजवळचा स्विचबोर्ड बंद करतात. त्यावर दोन्ही मॉनिटर आहेत, संगणक मात्र यूपीएसवर आहे आणि स्लीपमध्येच असतो. याने फरक पडतो का?

तारजोड

पडतो, मोठा पडतो. स्विच बंद केला की मोठ्या मॉनिटरची १८ ची तार खाली गेली. संगणक झोपेत आहे, त्याला हे कळतच नाही. सकाळी स्विच चालू करता तेव्हा मॉनिटर शून्यापासून सुरू होतो, सिग्नल शोधतो, संगणक अजून झोपलेला असल्यामुळे काही सापडत नाही आणि मॉनिटरही झोपतो. मग तुम्ही माउस हलवता. कार्ड रात्रीच्या स्मरणावर लिंक पुन्हा उभी करायला जातं, पण समोरचा मॉनिटर तर मधल्या काळात नव्याने सुरू झालेला. लहान मॉनिटरचाही स्विच बंद होतो, पण त्याच्या १९ च्या पिनला संगणकाचेच ५ व्होल्ट, त्यामुळे तो सापडतो.

आठवडाभर स्विचबोर्ड रात्री चालू ठेवा किंवा मोठा मॉनिटर यूपीएसवर घ्या. यूपीएसवर घेताना भार बघा. ६०० व्हीएचे छोटे यूपीएस साधारण ३६० वॅट देतात आणि ग्राफिक्स कार्ड जोरात चालू असताना डेस्कटॉप एकटाच त्याच्या जवळ जाऊ शकतो. २७ इंची मॉनिटर चालू असताना २५ ते ४० वॅट धरा. जिथे वीज वारंवार जाते आणि इन्व्हर्टर उशिरा पकडतो, तिथेही हाच प्रकार होतो: संगणक यूपीएसवर टिकतो, मॉनिटर क्षणभर मरतो आणि परतल्यावर काळा राहतो.

मल्टीमीटर

रीस्टार्टनंतरही पडदा काळा राहतो, आणि केबल तीन मीटरची, वेगळी घेतलेली. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की माझा संशय २० क्रमांकाच्या पिनवर जातो. थोडं सविस्तर लिहितो, कारण ही बाब दुकानात कुणी सांगत नाही.

डिस्प्लेपोर्टच्या दोन्ही टोकांच्या सॉकेटमध्ये, म्हणजे कार्डाकडे आणि मॉनिटरकडेही, २० क्रमांकाच्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात. ते छोट्या कन्व्हर्टरना वीज देण्यासाठी. संगणक ते मॉनिटर अशा साध्या केबलमध्ये ही तार जोडायची नसते, डिस्प्लेपोर्टच्या नियमांत तसं स्पष्ट आहे. तरी काही स्वस्त केबलींमध्ये वीसच्या वीस पिना सरळ जोडून टाकलेल्या असतात. मग मॉनिटरचे ३.३ व्होल्ट कार्डात उलटे शिरतात. संगणक बंद किंवा झोपलेला असतानाही कार्डाचा काही भाग अर्धवट विजेवर राहतो, त्यामुळे चालू होताना त्याचं पूर्ण रीसेट होत नाही. लक्षणं कुठली? झोपेतून न उठणं, पहिल्या बूटला काळा पडदा, क्वचित संगणक चालूच न होणं. पोर्टला दीर्घकाळात इजाही होऊ शकते.

घरी तपासायची सोपी पद्धत: संगणक शटडाउन करा. पॉवर सप्लायच्या मागचा स्विच बंद करा आणि त्याची वायर भिंतीतून काढा. इतर केबली, अगदी एचडीएमआय आणि यूएसबीच्यासुद्धा, काढून टाका. चालू बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. मदरबोर्डवरचे सगळे दिवे विझायला हवेत. आता फक्त ती डिस्प्लेपोर्ट केबल जोडा आणि मॉनिटरला वीज द्या. कार्डावर किंवा मदरबोर्डवर एखादा दिवा मिणमिणला, पंखा किंचित हलला, तर केबल कचऱ्यात. दिवा लागला नाही म्हणून केबल निर्दोष ठरत नाही, कारण प्रत्येक कार्डावर दिवा नसतो.

ज्यांच्याकडे मल्टीमीटर आहे त्यांनी केबल दोन्हीकडून काढून बझरवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजणारी सेटिंग) तपासावी. प्लगमध्ये पिनांच्या दोन ओळी असतात, एकीत विषम, दुसरीत सम क्रमांक. १९ आणि २० या शेवटच्या टोकाला. दोन्ही टोकांच्या २० मध्ये बझर वाजता कामा नये. प्रोब जाड असेल तर टाचणी वापरा, आणि पिना वाकणार नाहीत एवढ्या हलक्या हाताने.

नवीन घेताना व्हेसाचं (डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणारी संस्था) प्रमाणपत्र असलेली घ्या. पाकिटावर 'डीपी८के' असा शिक्का असेल तर ती ३२.४ गिगाबिटपर्यंत तपासलेली असते, तुमच्या गरजेच्या कितीतरी वर. फक्त '८के' एवढंच छापलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. लांबी शक्यतो दोन मीटरच्या आत ठेवा. तीन मीटर अगदीच लागत असेल तर प्रमाणित हवीच, आणि त्या लांबीला मॉनिटरचं व्हर्जन १.२ वर ठेवलेलं बरं. जोडण्या वाढवू नका: दोन केबली कप्लरने जोडणं किंवा वाटेत अडॅप्टर घालणं म्हणजे ट्रेनिंग फसायला आमंत्रण. डिस्प्लेपोर्टचा प्लग खटका वाजेपर्यंत आत गेलाय याची खात्री करा. संगणक भिंतीला चिकटवून ठेवला की मागून केबल वाकून प्लग तिरका बसतो.

खिडकीवाला

विंडोजकडून ज्या दोन-तीन गोष्टी खरंच फरक करतात तेवढ्याच सांगतो.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनचे 'ॲडव्हान्स्ड' पर्याय, त्यात 'पीसीआय एक्सप्रेस', त्याखाली 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट'. ते 'ऑफ' करा. डेस्कटॉपवर याने वाचणारी वीज नगण्य असते, आणि काही कार्डं या झोपेतून कुरकुरत उठतात.

पॉवर ऑप्शन्सच्या मुख्य पानावर डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' आहे. त्यात 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची खूण काढा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन हे खरं शटडाउन नसतं. विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते, म्हणजे बिघडलेली स्थितीही. रीस्टार्टमध्ये असं होत नाही. म्हणूनच रीस्टार्टनंतरही पडदा काळा असेल तर विंडोजला दोष देण्याआधी मल्टीमीटर यांचं ऐका. ते बरोबर दिशेने आहेत.

कार्ड एनव्हीडियाचं असेल तर आणखी एक. मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांसाठी कंपनीने २०१८ मध्ये डिस्प्लेपोर्ट १.३ आणि १.४ च्या मॉनिटरांकरता फर्मवेअर (कार्डाच्या आतच साठवलेली आज्ञावली) अपडेटचं छोटं साधन दिलं होतं. विंडोज सुरू होईपर्यंत पडदा काळा राहणं किंवा बूट अडकणं, यावर ते होतं. पुढे आरटीएक्स ४०६० आणि ५०६० च्या मालिकांतल्या काही कार्डांसाठीही रीबूटनंतरच्या काळ्या पडद्यावर फर्मवेअर साधनं आली. कार्डाला गरज आहे की नाही हे साधन स्वतः तपासून सांगतं. चालवायचं असेल तर कंपनीच्या साइटवरूनच घ्या, आणि यूपीएस चालू असताना.

खरा पुरावा हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. कर्नल-पॉवरची ४२ क्रमांकाची नोंद म्हणजे संगणक झोपायला गेला, १०७ म्हणजे उठला. १०७ च्या आसपास 'डिस्प्ले' नावाखाली ४१०१ दिसली तर ड्रायव्हर अडकून सावरला असा अर्थ. तसं असेल तर ड्रायव्हर 'क्लीन इन्स्टॉलेशन' ची खूण करून पुन्हा टाका. १०७ आहे, ४१०१ नाही, आणि पडदा काळा, तर परत केबल आणि मॉनिटर.

ज्यांचा संगणक मॉडर्न स्टँडबायवाला आहे (नव्या प्रकारची झोप, जिच्यात संगणक अर्धवट जागाच राहतो), त्यांना ४२ आणि १०७ ऐवजी ५०६ आणि ५०७ दिसतील. आपला कुठला हे कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /ए' ही आज्ञा देऊन कळतं, अर्थात अक्षरं इंग्रजीत टाइप करून. 'एस० लो पॉवर आयडल' दिसलं तर मॉडर्न स्टँडबाय, 'एस३' दिसलं तर जुनी झोप.

ओव्हरटाइम

मध्येच विचारतो, माझा लॅपटॉप आहे, यूएसबी-सी डॉकमधून मॉनिटर. झाकण बंद ठेवून काम करतो. स्लीपनंतर हेच होतं. वरचंच सगळं करायचं का?

तारजोड

आधी डॉक कुठल्या जातीचा ते बघा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. एका जातीत यूएसबी-सी मधून खरा डिस्प्लेपोर्ट सिग्नलच जातो, त्याला आल्ट मोड म्हणतात. दुसरीत डिस्प्लेलिंकची चिप असते. तिथे चित्र डेटा म्हणून यूएसबीवरून जातं आणि ड्रायव्हर टाकल्याशिवाय पडदा लागतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेलिंकचं नाव दिसलं की ही दुसरी जात.

आल्ट मोडवाल्या डॉकला वरचं सगळं लागू. शिवाय डॉकचा पॉवर प्लग आणि लॅपटॉपची केबल, दोन्ही काढून अर्धा मिनिट थांबा आणि आधी डॉकला वीज, मग लॅपटॉप असं जोडा. डॉकचं फर्मवेअर आणि लॅपटॉपचं बायॉस दोन्ही नवीन करा. यूएसबी-सीची बोलणी या दोघांतच होतात, विंडोज मध्ये फारसं नसतं. केबल डॉकसोबत आलेलीच वापरा. फोनच्या चार्जरची यूएसबी-सी केबल बहुतेक वेळा यूएसबी २ ची असते, तिच्यातून चित्र जात नाही.

डिस्प्लेलिंकवाल्याला पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब' च्या पॉवर मॅनेजमेंट पानावर वीज वाचवायला उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्या. हे पान मॉडर्न स्टँडबायच्या लॅपटॉपवर बऱ्याचदा दिसतच नाही, मग डिस्प्लेलिंकचा ताजा ड्रायव्हर हाच मार्ग.

झाकण बंद ठेवत असाल तर 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज' मध्ये चार्जरवर असताना 'डू नथिंग' हवंच. नाहीतर कीबोर्डने उठवलं की लॅपटॉप बंद झाकण बघून पुन्हा झोपतो, आणि दोष मॉनिटरवर जातो.

कोकणपट्टी

मॅकबुकवाल्यांसाठी: सिस्टिम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेज उघडा आणि ऑप्शन बटण दाबून धरा. 'डिटेक्ट डिस्प्लेज' असं बटण दिसतं, ते दाबा. झाकण बंद ठेवून वापरायला चार्जर आणि बाहेरचा कीबोर्ड-माउस लागतोच. बॅटरीच्या पर्यायांमध्ये पडदा बंद असताना आपोआप झोपू नये असा पर्याय आहे, तो चार्जरवर असताना चालू ठेवा. आणि साध्या एम१, एम२ चिपच्या मॅकबुकला एकच बाहेरचा मॉनिटर चालतो. दुसरा उठत नाही अशी तक्रार असेल तर तो बिघाड नसून चिपची मर्यादा आहे.

रेखाटन

मल्टीमीटर यांनी सांगितलेली तपासणी केली. संगणकाची वायर काढलेली, बाकी सगळ्या केबली काढलेल्या, फक्त डिस्प्लेपोर्ट जोडून मॉनिटर चालू केला. कार्डाच्या कडेचा दिवा मंद लागला. केबल काढली की विझला. आता दीड मीटरची डीपी८के शिक्क्याची केबल आणली आहे, त्यासाठी टेबल थोडं सरकवलं. रीस्टार्टला पडदा लगेच येतो. रात्रभर झोपवूनही (स्विचबोर्ड चालू ठेवून) सकाळी उठतो.

दोन शंका राहिल्या. डीप स्लीप बंद ठेवल्याने वीज किती जास्त जाईल? आणि गावाला जाताना स्विचबोर्ड तर बंद करावाच लागेल, तेव्हा काय क्रम ठेवू?

सह्याद्री_पूर्व

केबल बदललीत, आता डीप स्लीप पुन्हा चालू करून बघायला हरकत नाही. चालला तर उत्तम. नाही चालला तर बंदच ठेवा, खर्च फार नाही. समजा त्यामुळे झोपेत २ वॅट जास्त लागले आणि मॉनिटर रोज १४ तास झोपला, तर दिवसाला २८ वॅट-तास, महिन्याला ०.८४ युनिट. मोजायचंच असेल तर प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळतो, त्यावर दोन्ही स्थिती बघा.

गावाला जाताना संगणक स्लीप न करता शटडाउन करा, फास्ट स्टार्टअप बंद केलेलं असू द्या, आणि मग स्विचबोर्ड. परत आल्यावर आधी स्विचबोर्ड, मोठ्या मॉनिटरवर कंपनीचं चिन्ह येऊन जाईपर्यंत थांबा, आणि त्यानंतर संगणकाचं बटण. चालू होताना कार्ड कुठल्या दारावर मॉनिटर आहे हे सुरुवातीलाच बघतं. मोठा तोवर तयार नसेल तर सुरुवातीचा पडदा लहानावर जातो.

तुम्ही मुखपृष्ठं करता म्हणून एक शेवटचं. इतके दिवस मोठा मॉनिटर गायब होत होता, तेव्हा कलर मॅनेजमेंट उघडून तुमची रंगांची प्रोफाइल अजून मोठ्या मॉनिटरलाच लावलेली आहे ना, ते एकदा पाहून घ्या. रिफ्रेश रेटही ६० वरून परत ७५ करा, एचडीएमआयच्या तपासणीनंतर तो तसाच राहिलेला असू शकतो.